तीनशे अठरा नंबरची कुंडी

झारीमावशी तशी भित्री नव्हती. काचघरात एकदा साप निघाला तेव्हा पीएचडी करणारी चार शहाणी माणसं टेबलावर चढून बसली होती. हिने त्याला झाडूने ढकलत ढकलत नाल्यापर्यंत पोचवलं आणि वर "सरळ जा, मागे वळू नकोस" असं बजावलंही. छपराची काच फुटून खांद्यात घुसली, तेव्हाही ती आधी रोपांवरचे तुकडे वेचत बसली आणि मग दवाखान्यात गेली. अशी बाई एका वाटाण्याच्या रोपाला घाबरली. तेही वीतभर रोप, धड उभं राहता येत नाही म्हणून काडीला बांधलेलं.

संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला ते काचघर होतं. आत लोखंडी टेबलांच्या चार रांगा, टेबलांवर धुतलेल्या वाळूने भरलेल्या काळ्या कुंड्या, आणि दर अर्ध्या तासाला छतातून फुस्स करून पडणारं धुकं. तिथे मावशी एकवीस वर्षं पाणी घालत होती. पाणी घालणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने तीनशे वीस कुंड्यांना मोजून पन्नास-पन्नास मिली पाणी घालून दाखवावं, एकही थेंब पानावर न पाडता, आणि मग तोंड उघडावं. तिचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं आणि ते तिथेच राहिलं. संचालकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला झारीमावशीच म्हणत.

तिची एक पद्धत होती. प्रत्येक कुंडीत नंबराची पांढरी पट्टी खोवलेली असे. काम सुरू करताना सगळ्या पट्ट्यांची तोंडं मावशीकडे. कुंडीत पाणी पडलं की पट्टी फिरवायची, नंबर भिंतीकडे. मधेच कोणी हाक मारो, वीज जावो, परत आल्यावर एका नजरेत कळायचं की आपण कुठवर आलो. "माझं डोकं विसरेल, पट्टी विसरत नाही," असं ती नव्या आलेल्या मुलांना ऐकवायची आणि मुलं मान डोलवायची. एकवीस वर्षांत या पद्धतीने तिला कधी दगा दिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी ती ताई आली. चष्म्याची, हडकुळी, सकाळचा चहा दुपारी गार पिणारी मुलगी. वयाने मावशीच्या धाकट्या लेकीएवढी, पण शिकलेली म्हणून मावशी तिला ताई म्हणायची, आणि ताई मावशीला मावशी. ताईचा विषय होता वाटाण्याची मुळं जमिनीतलं नायट्रेट आत कसं घेतात हा. इतर संशोधक मावशीला फक्त किती घाला आणि कधी घाला एवढंच सांगत. ताईने पहिल्याच आठवड्यात स्टूल ओढून तिला कशासाठी घालायचं तेही सांगितलं.

"मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट पापुद्रा असतो, मावशी. नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं, त्याला त्या तेलातून जाता येत नाही. म्हणून पापुद्र्यात प्रथिनं बसवलेली असतात. तीच दारं म्हणा. दार बाहेरच्या अंगाला उघडतं, नायट्रेट पोटात घेतं, बाहेरून मिटतं आणि मग आतल्या अंगाला उघडतं."

"आणि हे सगळं फुकटात होतं?"

"फुकट कसलं! पेशी आधी शक्ती खर्च करून हायड्रोजनचे कण बाहेर ढकलते. त्यांना परत आत यायचं असतं. ते दारातून घुसताना नायट्रेटलाही आपल्याबरोबर ओढून आणतात."

"म्हणजे एकाच्या रेट्याने दुसरा आत."

"अगदी बरोबर." ताई खूश झाली. "आणि दारं दोन तऱ्हेची. एक जमिनीत भरपूर नायट्रेट असताना चालतं. दुसरं टंचाईतलं. कणभर असलं तरी ते ओढून घेतं. पण त्या दुसऱ्याला जोडीला एक छोटं प्रथिन लागतं. ते नसेल तर हे पापुद्र्यात टिकतच नाही."

"आमचे हे तसेच. मी चार दिवस बहिणीकडे गेले की अंथरूण धरतात."

ताई हसली. मग तिने एक रोप उपटून मुळांवरच्या बारीक गाठी दाखवल्या. वाटाण्याच्या जातीची झाडं त्या गाठींमध्ये जिवाणू पाळतात आणि ते हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात. पण जमिनीत नायट्रेट आहे ही खबर या दारांमुळेच मुळाला लागते, आणि खबर लागली की मूळ गाठी बांधणं बंद करतं.

"बरोबरच आहे," मावशी म्हणाली. "वाढलेलं ताट समोर येत असेल तर चूल कोण पेटवेल!"

"मला असं झाड हवंय की ज्याचं दार बिघडलंय. खत घातलेल्या जमिनीतही ते गाठी बांधत राहील."

ते कसं शोधायचं हे ऐकल्यावर मात्र मावशीच्या अंगावर काटा आला. क्लोरेट नावाचं एक औषध होतं. दिसायला नायट्रेटचं सख्खं भावंड. दाराला दोघांतला फरक कळत नाही, ते त्यालाही आत घेतं. आत नायट्रेटवर काम करणारं जे यंत्र असतं ते क्लोरेटवरही तेच काम करतं, आणि त्यातून विष तयार होतं. बी आधी एका रसायनात भिजवून त्यात बारीक बिघाड करून घ्यायचे, त्याच्या पुढच्या पिढीची हजारो रोपं लावायची, आणि सगळ्यांना क्लोरेट पाजायचं. ज्याचं दार धड ते मरणार. ज्याचं बिघडलं ते जगणार.

"म्हणजे धडधाकट असेल तेच मरणार?" मावशीने विचारलं.

"हो."

"आणि पाजायचं मी."

"तुमच्याइतका मोजका हात कोणाचा आहे?"

मावशीने पाजलं. दोन वर्षांत तीन हजारांवर रोपं तिच्या झारीने मेली. आठ दिवसांत पानं कडेने पांढरी पडायची, मग चुरगळायची. रोज सकाळी ती काचघर उघडायची आणि मेलेल्या रांगांवरून नजर फिरवत एखादं तरी हिरवं दिसतंय का बघायची. एकही दिसलं नाही. मोठ्या मॅडमनी, म्हणजे ताईच्या मार्गदर्शक बाईंनी, शेवटी सांगून टाकलं की यंदा काही हाती लागलं नाही तर विषय बंद. विषय बंद म्हणजे ताईने तीन वर्षं घालवून रिकाम्या हाताने घरी जायचं. ताई त्या दिवशी काचघराच्या कोपऱ्यात पाठ करून बराच वेळ नळावर हात धूत राहिली. तिचे हात स्वच्छच होते.

मग शेवटची तुकडी लागली. तीनशे वीस कुंड्या, एका कुंडीत एक रोप. मावशी सकाळपासून क्लोरेट घालत होती. शेवटच्या रांगेत असताना खिशातला फोन वाजला. आत नीट ऐकू येत नाही म्हणून झारी खाली ठेवून ती दाराबाहेर गेली. जाऊबाईंचा फोन होता. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. दहा मिनिटं इकडून तिकडून प्रश्न विचारल्यावर कळलं की सासूबाई पडल्या नव्हत्या, बसल्या होत्या. आता उठून चहा मागत होत्या आणि चहात साखर कमी म्हणून जाऊबाईंना बोलतही होत्या. जीव भांड्यात पडला. जाऊबाईंना मनात चार शिव्या घालून मावशी आत आली.

आत ताई टेबलाशी उभी होती. हातात वही. नंबर टिपून घेता यावेत म्हणून तिने रांगेतल्या सगळ्या पट्ट्या एकसारख्या फिरवून ठेवल्या होत्या.

"झालं ना सगळं, मावशी?"

मावशीने रांगेकडे पाहिलं. शेवटच्या तीन कुंड्या. तीनशे अठरा, एकोणीस, वीस. एकोणीस आणि वीसमध्ये बी उगवलंच नव्हतं, त्यांचं काही नाही. पण तीनशे अठराला घातलं होतं की नव्हतं? वाळू बघावी तर नुकतंच धुकं पडून सगळीच ओली. झारीत बघावं तर ती नेहमी थोडं जास्तच भरून घ्यायची, त्यामुळे तळाशी उरलेलं होतंच. पुन्हा घालावं तर दुप्पट पडेल, आणि दुप्पट पडलं तर बिघडलेल्या दाराचं रोपही जळून जाईल. हा सगळा विचार तिने नंतर केला. त्या क्षणी तिच्या कानात अजून सासूबाईंचा चहा होता, आणि तोंडातून निघून गेलं, "हो, झालं."

आठव्या दिवशी तीनशे सतरा कुंड्या करपल्या होत्या. तीनशे अठरा हिरवीगार होती.

ताईने वही टेबलावर टाकली. मग तिने मावशीला मिठी मारली, चष्म्यासकट, आणि हुंदके देऊन रडली. "मिळालं, मावशी, मिळालं!" मावशीचे हात तिच्या पाठीवरून फिरत होते आणि नजर त्या कुंडीवर होती. हे रोप दार बिघडलं म्हणून जगलं असेल, किंवा मावशीने त्याला विष पाजलंच नाही म्हणून. यातलं खरं काय ते सांगू शकेल अशी जगात एकच व्यक्ती होती, आणि तिलाच ते आठवत नव्हतं.

त्या दिवशी सांगता आलं असतं. पण रडणाऱ्या मुलीच्या आनंदात माती कोण कालवणार? दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं तर तोवर ताईने मोठ्या मॅडमना सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या, वाकून रोप पाहिलं आणि खोलीत जाऊन दोन-चार ठिकाणी फोन लावले. आठवडाभरात त्या कुंडीभोवती जाळीचा पिंजरा आला, पिंजऱ्याला कुलूप आलं. कुलपाची किल्ली ताईने मावशीच्याच हातात दिली. "तुमच्यापाशीच राहू दे, मावशी. माझा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो छापखान्यात यंत्रावर होता. शांत माणूस, इतका की कधी कधी राग यावा.

"मग सांगून टाक," तो म्हणाला.

"कसं सांगू?"

"तोंडाने."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! त्या पोरीचं वाटोळं होईल. आणि मला काढून टाकतील ते वेगळंच. बाटल्या धुणाऱ्या काकांनी एक चूक लपवली, तर दुसऱ्या दिवशी फाटकावरून परत पाठवलं त्यांना. त्यांनी चूक केली म्हणून नाही, लपवली म्हणून."

"मग तू कशाला लपवतेस?"

तिने कूस बदलली आणि झोप लागल्याचं सोंग केलं.

रोपाला फुलं आली, शेंगा धरल्या. चाळीस दाणे मिळाले. हे दार खरोखर बिघडलेलं असेल तर त्याच्या सगळ्या लेकरांतही ते बिघडलेलंच असणार. म्हणून मॅडमनी सांगितलं, चोवीस दाणे लावा, शेजारी साध्या वाटाण्याचे चोवीस लावा, आणि दोन्हींना क्लोरेट द्या. साधी मरतील, ही जगतील, विषय संपला. "आणि घालायचं मावशींनीच," मॅडम म्हणाल्या. "मावशींचा हात म्हणजे यंत्र."

रोपं उगवली. बारा दिवसांची झाली. त्या बारा दिवसांत मावशीचं जेवण निम्म्यावर आलं. तिला एकच चित्र दिसायचं. दोन्ही रांगा पांढऱ्या पडलेल्या, आणि ताई नळाशी हात धुतेय.

आता जे झालं ते सांगताना तिला लबाड म्हणायची घाई कोणी करू नये. तिने आधी काही ठरवलेलं नव्हतं. ती औषधाच्या खोलीत गेली, क्लोरेटची बाटली काढली, मोजपात्रात मोजून एक झारी तयार केली. साध्या रांगेला घातलं. एकेक कुंडी, एकेक पट्टी. ती रांग संपवून तिने दुसरी झारी उचलली आणि बाटलीकडे जायचं तर पाय नळाकडे वळले. पाणी प्यायचंय असं तिने स्वतःला सांगितलं. नळ सोडला, झारी खाली धरली, आणि झारी भरेपर्यंत ती पाण्याच्या धारेकडे बघत राहिली.

काचघरात ऊन इतकं होतं की टेबलाचा पत्रा चटके देत होता. दाराकडे पाठ करून तिने तीनशे अठराच्या चोवीस लेकरांना चोवीस वेळा साधं पाणी घातलं. दर कुंडीला कोणीतरी मागे उभं आहे असं वाटायचं. ती वळून बघायची. कोणी नसायचं. शेवटची पट्टी तिने इतक्या घाईने फिरवली की ती मोडली. नवी पट्टी घेऊन त्यावर नंबर लिहिला तर अक्षर आपलं वाटेना.

आठ दिवसांनी एक रांग मेलेली आणि एक हिरवी. ताईने फोटो काढले, वहीत तक्ता केला. चोवीसपैकी शून्य, चोवीसपैकी चोवीस. मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी हिरव्या रांगेतलं एक पान बोटात धरलं, उलटं केलं, दुसरं धरलं.

"एकही कड पिवळी नाही?" त्या म्हणाल्या. "एक दार बिघडलं तरी दुसरी असतातच. थोडं तरी विष आत जायला हवं. पहिल्या रोपाची खालची पानं जरा करपली होती का?"

"बघितलं नाही, मॅडम," ताई म्हणाली. "तेव्हा मला काही सुचतच नव्हतं."

"हं. जरा जास्तच छान आहेत ही." मॅडम मावशीकडे बघून हसल्या. मावशीही हसली. तिचं हसू तिच्याच चेहऱ्यावर परक्यासारखं बसलं होतं.

त्या दिवसापासून तिला धास्तीने घेरलं. मॅडम खोलीतून बाहेर आल्या की ती झारी घेऊन मागच्या रांगेकडे सरकायची. कोणी "मावशी" अशी हाक मारली की आधी कान तपासायचा, आवाज चढलेला आहे की नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सकाळी नुसतं "थांबा जरा" म्हटलं, तर तिला भर रस्त्यात खाली बसावंसं वाटलं. त्याला फक्त हजेरीची सही हवी होती. सासूबाई म्हणाल्या, सुनेला कोणाची तरी दृष्ट लागली. नळाचं नवऱ्याला तिने सांगितलंच नव्हतं.

उरलेल्या सोळा दाण्यांवर शेवटची परीक्षा होती. दोन्ही जातींची रोपं लावायची, वाळूत जिवाणू मिसळायचे आणि नायट्रेट भरपूर द्यायचं. साध्या वाटाण्याला खबर लागेल आणि तो गाठी बांधणार नाही. दार बिघडलेला मात्र बांधेल. याचबरोबर पानांचे तुकडे दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्या दाराचा मूळ नकाशाच, म्हणजे जनुक, वाचला जाणार होता.

या वेळीही झारी तिच्याच हातात होती. नायट्रेटऐवजी साधं पाणी घातलं असतं तर वाळूत खबर द्यायला काहीच नसतं आणि गाठी हमखास आल्या असत्या. तिला हे कळत होतं. ताईनेच शिकवलं होतं. पण ते दुसऱ्यांदा तिच्याने होईना. पाच आठवडे तिने नायट्रेट मोजून घातलं, एका थेंबाची लबाडी केली नाही, आणि पाच आठवडे ती रोज मनात ताईची माफी मागत होती. एका परीने तिची खात्रीच झाली होती की मुळं बोडकी निघणार. तिने शेवटच्या रांगेतली ती सकाळ इतक्या वेळा आठवून पाहिली होती की आता तिला स्वतःचा हात तीनशे सतरावर थांबलेला स्पष्ट दिसायचा.

मुळं धुवायच्या दिवशी दोघी मोठ्या घमेल्याशी बसल्या. साध्या वाटाण्याचं मूळ वाळूतून सुटलं, पांढरं, गुळगुळीत, त्यावर काही नाही. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. मग ताईने तीनशे अठराचं पहिलं लेकरू पाण्यात बुडवलं. मावशीने डोळे मिटून घेतले.

"मावशी."

मावशीने डोळे उघडले नाहीत.

"मावशी, बघा ना!"

मुळाला गाठी लगडल्या होत्या. ताईने एक गाठ नखाने फोडली, आतून गुलाबी. म्हणजे जिवंत, काम करणारी. दुसऱ्या मुळालाही होत्या, तिसऱ्यालाही. मावशीने पुढची स्वतः धुतली, एकेक करून, आणि प्रत्येकावर हात फिरवून पाहिला. ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातून अहवाल आला. टंचाईतल्या दाराच्या नकाशात अर्ध्यावरच खंड पडला होता. दार पुरं बनतच नव्हतं.

म्हणजे रोप खरं होतं. त्या सकाळी तिने क्लोरेट घातलं असो की नसो, तीनशे अठरा जगणारच होतं. इतके महिने ती ज्याला घाबरली ते भूत नव्हतंच. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, सासूबाईंशी भांडली आणि गाढ झोपली.

चार दिवसांनी ताईने तिला खोलीत बोलावलं. टेबलावर प्रबंधाचे छापलेले कागद होते, भिंतीशी तीन वर्षांच्या वह्यांचा ढीग. तुमच्या कामाचा भाग आधी तुम्हाला वाचून दाखवते, म्हणाली, आणि वाचायला लागली. तक्ता तिसरा. क्लोरेट दिलेली रोपं, साधी चोवीस, जगली शून्य. तीनशे अठराची चोवीस, जगली चोवीस. पानांवर करपल्याचं कोणतंही चिन्ह नाही.

"हे शेवटचं वाक्य मोठं आहे, मावशी. मॅडम म्हणतात, असं आजवर त्यांनी कुठे पाहिलं नाही. एक दार बिघडून इतका पूर्ण बचाव होतो म्हणजे बाकीच्या दारांबद्दलची आपली समजूतच चुकीची असेल. पुढचं अख्खं प्रकरण मी यावरच लिहिलंय. पुढच्या आठवड्यात त्या चोवीस रोपांना धरलेलं बी तीन प्रयोगशाळांना पाठवायचंय. ते हीच चाचणी करून बघतील."

मावशी उभी होती ती बसली. तिन्ही ठिकाणी कोणीतरी खरं क्लोरेट घालणार होतं. तिन्ही ठिकाणी पानांच्या कडा पिवळ्या पडणार होत्या. आणि तिन्ही ठिकाणची माणसं म्हणणार होती की ही मुलगी खोटं लिहिते. अख्ख्या प्रबंधात एकच गोष्ट खोटी होती आणि ती मावशीने स्वतःच्या हाताने तिथे घातली होती. तिची काही गरजही नव्हती. रोप तिच्या मदतीवाचून खरंच होतं.

"ताई," ती म्हणाली, "ते पाणी होतं."

"काय?"

"त्या चोवीसांना मी क्लोरेट नाही घातलं. नळाचं पाणी घातलं." आणि मग तिने सगळंच सांगितलं. फोन, फिरवलेल्या पट्ट्या, "हो, झालं", नळ. मधे ती कुठे थांबली नाही. "मला वाटलं तुमचं वाटोळं होईल. मी घाबरले, ताई. नोकरीला घाबरले ते वेगळं, पण आधी तुमच्या वाटोळ्यालाच घाबरले."

ताईने चष्मा काढला. ती ओरडली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिने तक्ता तिसरा समोर ओढला आणि पेन्सिलने त्यावर हळूच एक रेघ मारली. मावशीला वाटलं, संपलं, आता म्हणेल पुन्हा लावू. मग ताईची नजर भिंतीशी रचलेल्या वह्यांकडे गेली.

"मावशी," ती म्हणाली, "याआधी कधी?"

"कधीच नाही. एकदाच, ताई. शपथ घेते."

"मला तुमचं खरं वाटतंय. पण मला मॅडमना लिहून द्यावं लागेल ना." तिने ढिगातली सगळ्यात जुनी वही ओढली, पहिलं पान उघडलं. तिचा आवाज अगदी मऊ होता, आणि त्या मऊपणाचीच मावशीला भीती वाटली. "ही पहिली तुकडी. या दिवशी क्लोरेटच होतं?"

"क्लोरेटच होतं."

"सगळ्या कुंड्यांना?"

"सगळ्या कुंड्यांना."

ताईने खूण केली आणि पान उलटलं. "या दिवशी?"

"हो, ताई."

"आणि या दिवशी? इथे शेवटची रांग दुपारी घातलीय, असं लिहिलंय. मधे कुठे गेला होतात?"

मावशी आठवायला लागली. एकवीस वर्षांत तिने जे केलं ते सरळ केलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्या पानावरची ती दुपार तिला दिसेना. नुसती झारी दिसत होती आणि पुढे सरकणारा हात. हात कुठे थांबला होता का, ते दिसत नव्हतं. ताई पेन्सिल धरून वाट बघत होती. ढिगात अजून सव्वीस वह्या होत्या.

"मला वाटतं, क्लोरेटच," मावशी म्हणाली, आणि ताईने त्या तारखेपुढे खूण केली नाही.